नगरच्या चित्रकाराचं नाव काय?

28 मे हा नगरचा स्थापना दिन. वय 1490 पासून मोजतात. तीनच दिवसांनी, 31 मेला, अहिल्यादेवींची जयंती. 2025 मध्ये त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या जन्मगावी, चौंडीला, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्या नामांतरावर दोन्ही बाजूंनी बोलून झालं आहे. ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. नावांचाच विषय निघालाय, तर ज्याला नावच उरलं नाही अशा एका नगरकराबद्दल बोलू.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही फारसी पोथी आहे. कवी आफताबी, नायक नगरचा सुलतान हुसेन निजामशहा, प्रसंग 1565 ची तालिकोटची लढाई. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ती संपादित केली आणि मंडळाने 1987 मध्ये छापली. तिच्यातली चित्रं म्हणजे दख्खनी चित्रकलेचा अगदी आरंभीचा ठेवा. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, म्हणजे आपल्या संस्कृत काव्यातलं दोहद थेट फारसी पोथीत! इतर चित्रांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायून बसलेली होती. ही चांदबीबीची आई. हुसेननंतर कारभार तिने पाहिला. 1569 मध्ये मुलानेच, मुर्तजाने, तिला कैदेत टाकलं. पुढे बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. राणीला निदान पुसावं तरी लागलं. चित्रकाराचं नाव लिहिलेलंच नव्हतं.

नेमक्या त्याच काळात, 1568 मध्ये, इटलीत जॉर्जो व्हासारीने चित्रकारांच्या चरित्रांची वाढीव आवृत्ती काढली. फ्लॉरेन्सचे चित्रकार आज जगाला तोंडपाठ आहेत, त्यात व्हासारीचा वाटा मोठा. त्याआधीही तिथे चित्रकारांचे संघ होते, करारनामे होते. कुणी काढायचं, किती पैशांत, निळा रंग कोणत्या प्रतीचा, सगळं कागदावर.

आपल्याकडे चित्रकारांची नावं का उरली नाहीत, यावर ‘आपले कलावंत निरहंकारी, म्हणून सही करत नसत’ असं ठेवणीतलं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. अकबराच्या दरबारात कारकून चित्राखाली चित्रकाराचं नाव टिपून ठेवत, आणि अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त चित्रकारांची यादीच दिली. म्हणून निजामशाहीच्या वजिराचं, मलिक अंबरचं, चित्र काढणारा मोगलांचा हाशिम आपल्याला ठाऊक आहे, पण निजामशहांचे चित्रकार ठाऊक नाहीत. फरक नम्रतेचा नसून दप्तराचा आहे. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि दरबार विखुरला. निजामशहाचं एक देखणं व्यक्तिचित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावरही चित्रकाराचं नाव नाही.

यावर इलाजही इटलीकडेच आहे. सिएना शहरातल्या पंधराव्या शतकातल्या एका अनामिक चित्रकाराला अभ्यासकांनी त्याच्या चित्रावरून ‘ओसेर्व्हान्झाचा उस्ताद’ म्हणायला सुरुवात केली. आता संग्रहालयांच्या पाट्यांवर तो त्याच नावाने असतो. नगरच्या वस्तुसंग्रहालयाने ‘तारीफ’मधल्या चित्रांच्या मोठ्या प्रती लावाव्यात आणि खाली लिहावं: ‘तारीफचा उस्ताद, नगर, सुमारे 1565’. या नामकरणाला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.