चवळी, पालक आणि सायंकाळची तजवीज

कचेरीतून दिवेलागणीला परतलेल्या माणसापाशी स्वयंपाकाकरिता जेमतेम अर्धा तास उरतो, आणि तरीही पानात काही सकस, पोटभर पडावे ही अपेक्षा मुळीच अवाजवी नव्हे; मात्र तिची तजवीज सकाळीच, वाटीभर चवळी भिजत घालून, करून ठेवावी लागते. भिजलेली चवळी कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते, आणि तेवढ्या अवधीत पालकाची जुडी निवडून, धुऊन, चिरून होते. चिंचेचा कोळ किंवा आमसूल मात्र चवळी शिजण्यापूर्वी कदापि घालू नये, कारण आम्लाच्या सान्निध्यात कडधान्य मऊ होण्यास फार विलंब लागतो. मग तेल, मोहरी, हिंग आणि सढळ हाताने ठेचलेला लसूण (येथे काटकसर मला मान्य नाही) यांच्या फोडणीवर पालक दोन-तीन मिनिटे परतून, चवळी तिच्या पाण्यासकट ओतावी, आणि मीठ, गोडा मसाला व गुळाचा खडा घालून उकळी आणावी. पळीभर चवळी रगडली की रस्सा दाट होतो. वरून लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक सुलभतेने शोषले जाते. जोडीला ज्वारीची भाकरी असावी, कारण ज्वारीत उणे असलेले लायसिन चवळीत विपुल असते. पालक न मिळाल्यास मेथी किंवा चाकवत घ्यावा.