फोर्क बदलायचं कोटेशन देताय? आधी ओळंबा सोडा

गिऱ्हाईक येतं, मोबाईलवर चॉपरचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, "भाऊ, पुढचा चिमटा दोन इंच लांब करून द्या." तुम्ही सामान आणि मजुरी धरून आकडा सांगता. पण गाडी नंतर चालेल कशी, याचा हिशोब त्यात धरलाय का?

हँडल ज्या तिरक्या आसाभोवती फिरतं, त्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे रेक. तोच आस जमिनीपर्यंत वाढवला तर तो चाक टेकतं त्याच्या थोडा पुढे टेकतो. मधलं अंतर म्हणजे ट्रेल. गाडी वेगात सरळ राहते ती बरीचशी त्याच्या जोरावर.

समजा रेक 26 अंश, चाकाची त्रिज्या 310 मिमी, ऑफसेट 45 मिमी आणि व्हीलबेस 1400 मिमी. ट्रेल येतो साधारण 101 मिमी. चिमटा 50 मिमी लांब केला की गाडीचं तोंड वर जातं, रेक जवळपास 28 होतो आणि ट्रेल 112 च्या पुढे. हायवेवर मजा, गल्लीत वळवताना हँडल जड.

मला विचाराल तर उलटा प्रकार जास्त धोक्याचा. स्पोर्ट बाईकचा आखूड यूएसडी फोर्क आणि सोबत लहान चाक लावलं की रेक उतरतो, ट्रेलही घटतो. गाडी चपळ वाटते, पण वेगात खड्डा लागला की हँडल थरथरू शकतं. टी बदलणार असाल तर एवढं धरून ठेवा: ऑफसेट वाढला की ट्रेल कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच.

म्हणून जुना फोर्क खोलण्याआधी मोजा. मालकाला सीटवर बसवा, गाडी सरळ धरा. एक्सलवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण करा. स्टीअरिंगच्या आसाच्या रेषेत पट्टी धरून दुसरी खूण. नवा फोर्क बसल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून सही घ्या, आणि या मोजणीचे पैसे वेगळे लावा. लाजू नका!

गाडी रस्त्यावर फिरणार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधीच दाखवा. नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही.

आणि लांब चिमट्याच्या कोटेशनमध्ये ब्रेकचा होज, साईड स्टँड आणि हेडलाईटचं सेटिंग धरायला विसरू नका. तोंड वर गेलं की होज ताणला जातो, स्टँड तोकडा पडतो आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो.