घाट, खाडी आणि आषाढ

१८८१ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाने एक गमतीदार नकाशा काढला. लंडनहून जगात कुठे पोचायला किती दिवस लागतात, ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. मैल बाजूला ठेवून दिवस मोजायची ही कल्पना फार चांगली. पण महाराष्ट्राचा तसा नकाशा करायचा तर एक पुरणार नाही. माघातला एक आणि आषाढातला एक, असे किमान दोन हवेत.

आधी माघातला. मुंबई-पुणे हवाई अंतर जेमतेम १२० किलोमीटर. त्यातला कोकणपट्टीचा भाग सपाट, वरचं मावळही बऱ्यापैकी चालण्याजोगं. सगळी अडचण मधल्या एका काळ्या भिंतीची. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला सह्याद्री पूर्वेला हळूहळू उतरतो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. या तुटलेल्या कड्यात पाण्याने जिथे खाच पाडली, तिथे वाट झाली. खाच रुंद असेल तर लादलेला बैल चढे, अरुंद असेल तर माणूस डोक्यावर बोजा घेऊन नाळेने वर येई. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर. देशावरून धान्य, गूळ, मिरची खाली.

जुन्नरजवळचा नाणेघाट या वाटांमधला सर्वांत बोलका. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल इथून वर येई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तींची आता फक्त पावलं उरली आहेत, आणि बाहेर तो दगडी रांजण. रांजण जकातीचा होता असं सांगतात. दंतकथा असली तरी हिशेब खरा आहे: ज्याच्या हातात खिंड, त्याच्या हातात व्यापार. अन् लढाईही. २ फेब्रुवारी १६६१ रोजी लोणावळ्याकडून कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत गाठलं, तेव्हा मोगलांचं संख्याबळ त्या चिंचोळ्या वाटेत काही कामाचं राहिलं नाही.

मुंबई-पुणे वाटेवरच्या बोरघाटातून चाकाची गाडी नीट चढू लागली ती १८३०मध्ये, गव्हर्नर माल्कमने रस्ता खुला केल्यावर. तोवर चाक म्हणजे सपाटीवरची चैन. रेल्वे आली १८६३ साली. सुमारे २५ किलोमीटरच्या टप्प्यात साडेपाचशे मीटरांहून जास्त चढण, जागोजागी ३७ फुटांना एक फूट चढ, पंचवीस बोगदे. एके ठिकाणी डोंगराने वळायलाही जागा दिली नाही, म्हणून गाडी उलट दिशेला तोंड करून पुढे चढे; ही कसरत १९२९पर्यंत चालली. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यातले हजारो गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच १८५९मध्ये वारला आणि काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेलं. इतिहासात तिचं नाव तरी राहिलं. मजुरांचं तेही नाही.

आता खाड्या. कोकणात दक्षिणोत्तर चालणाऱ्याची गाठ डोंगरापेक्षा पाण्याशी जास्त पडे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. दर थोड्या अंतरावर एक खाडी, तिथे नावेची तर, आणि नावाडी नसेल तर बसा काठावर. म्हणूनच महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही गावं बघा कुठे आहेत: खाडी जिथे संपते तिथे. गलबतातला माल तिथे उतरायचा आणि बैलाच्या पाठीवर चढायचा. चिपळूणहून कुंभार्लीने कऱ्हाडला, राजापूरहून अणुस्कुऱ्याने कोल्हापुराकडे. शेजारच्या तालुक्यापेक्षा घाटावरचा बाजार जवळचा वाटावा, ही तिथल्या भूगोलाची करणी. आणि मुंबई तर समुद्रमार्गे त्याहूनही सोयीची.

पण आषाढात हा समुद्रमार्गही बहुतेक बंदच. नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतं किनाऱ्यावर ओढलेली. ऐन पावसात निघण्याची किंमत किती मोठी असू शकते, ते १७ जुलै १९४७ला कळलं: रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. देशावरही चातुर्मासात नद्या अडवत, भोपळ्यांच्या सांगडीवरून पार व्हावं लागे. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघत आणि पावसाआधी फौज छावणीला परते. त्यामागे मुहूर्तापेक्षा भीमा-कृष्णेचा पूर जास्त होता, असं मला वाटतं.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. ९१ बोगदे, खाड्यांवर पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. जिथे तरीची वाट बघावी लागे तिथे गाडी आता दोन मिनिटांत पार होते. पण पावसाळा आला की ही रेल्वे वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते आणि दरडींवर नजर ठेवायला रुळांवरून गस्त फिरवते. भोर-महाडमधला वरंध घाट तर कित्येक पावसाळ्यांत अवजड वाहनांना बंदच असतो.