मोबाइलमधील व इंटरनेटवरून उतरविलेले व्हिडिओ घरच्या डीव्हीडी यंत्रावर कसे चालवावे

शेतीचें ज्ञान कांहीं वाचून येतें, कांहीं ऐकून येतें. परंतु पुष्कळसें पाहूनच येतें. केळीचा कोणता मुनवा ठेवावा व कोणता काढावा, पानवेल किती सैल बांधावी, बावखलाचें पाणी वाडींत कोणत्या बाजूनें फिरवावें, ह्या गोष्टी कितीही लिहून ठेवल्या तरी जाणत्याचा हात चालतांना पाहिल्याशिवाय नीट उमगत नाहींत. हें ओळखूनच २६ जानेवारी १९६७ रोजीं दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झालें. पुढें मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ ह्या कार्यक्रमानें तेंच कार्य मराठींतून केलें, आणि २०१५ सालीं मे महिन्यांत ‘डीडी किसान’ ही शेतकऱ्यांकरितां स्वतंत्र वाहिनी निघाली. आतां तर चित्रण करण्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आलें आहे, व शेतीविषयक व्हिडिओ इंटरनेटवरून वाटेल तेव्हां पाहतां येतात.

आज वसई-विरार शहरांत गणल्या जाणाऱ्या सांडोरसारख्या गांवीं ह्या साधनाचें महत्त्व विशेष आहे. वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. रहाट चालविलेलीं, सुकेळीं वाळविलेलीं, बावखलांची सफाई स्वतः केलेलीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचें काम व त्यांची बोली तरुण मंडळी मोबाइलवर टिपून ठेवूं लागली आहे, हें चांगलेंच आहे. परंतु तो मोबाइल हरवला, फुटला किंवा भरला म्हणून पुसला गेला, कीं सर्व श्रम फुकट. शिवाय ज्या वडील मंडळींना तें पाहावयाचें असतें त्यांच्या घरीं टेलिव्हिजन व जुनें डीव्हीडी यंत्र असतें. मोबाइलचा लहानसा पडदा त्यांच्या डोळ्यांस झेपत नाहीं. म्हणून असे व्हिडिओ तबकडीवर उतरवावे अशी इच्छा साहजिकच होते. येथेंच अडचण येते. संगणकावर उत्तम दिसणारी फाईल जशीच्या तशी तबकडीवर घातली तर यंत्र ती बहुधा वाचीत नाहीं. असें कां होतें व त्यास उपाय काय, हें येथें क्रमानें सांगावयाचें आहे.

करंडी व माल

बाजारांत माल पाठवितांना करंडी वेगळी व तींतील माल वेगळा, हें कोणास सांगावयास नको. व्हिडिओच्या फाईलचेंही तसेंच आहे. फाईलच्या नांवाच्या शेवटीं एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही अशीं जीं अक्षरें असतात तीं केवळ करंडीचीं नांवें होत. आंत चित्र कोणत्या रीतीनें दाबून भरलें आहे, हें त्यावरून पूर्णपणें कळत नाहीं. दाबण्याच्या ह्या रीतीस ‘कोडेक’ म्हणतात. आजचे मोबाइल बहुतेक एच-२६४ किंवा त्याहून नव्या एच-२६५ ह्या रीतीनें चित्र दाबतात. डीव्हीडी यंत्र त्यांच्या आधींचें, १९९६ सालीं बाजारांत आलेलें. त्यास एम्पेग-२ ही जुनी रीतच समजते. म्हणून कित्येक जण करतात त्याप्रमाणें फाईलचें नांव बदलून कांहीं साधत नाहीं. वांग्याच्या करंडीवर केळीं असें लिहिल्यानें आंत केळीं होत नाहींत! मालाचें रूपच बदलावें लागतें, आणि ह्यासच रूपांतर म्हणतात.

यंत्राच्या अटी

डीव्हीडी यंत्र फार कडक गिऱ्हाईक आहे. ठरलेल्या मापाचाच माल तें घेतें. आपल्या देशांत टेलिव्हिजनची पाल ही पद्धत चालत आली आहे. तींत चित्राची रुंदी ७२० ठिपके व उंची ५७६ ठिपके असते, व सेकंदास २५ चित्रें दाखविलीं जातात. अमेरिका, जपान इत्यादि देशांतील एनटीएससी पद्धतींत उंची ४८० ठिपके व चित्रें सेकंदास सुमारें ३० असतात. आपल्याकडील पुष्कळ यंत्रें दोन्ही वाचतात. तथापि पालच निवडणें अधिक निर्धोक. आवाज सेकंदास ४८,००० नमुन्यांचा, व एसी-३, एम्पेग किंवा पीसीएम ह्यांपैकीं एका रीतीचा असावा लागतो. चित्राचा ओघ सेकंदास ९८ लक्ष बिटांहून अधिक चालत नाहीं.

ह्याखेरीज मांडणीचीही अट आहे. तबकडीवर ‘व्हिडिओ टीएस’ नांवाचा एक कप्पा लागतो. त्यांत व्हीओबी नांवाच्या फाईलींत चित्र व आवाज एकत्र असतात. आयएफओ फाईल ही अनुक्रमणिका, आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. ही मांडणी नसलेल्या तबकडीस डेटा तबकडी म्हणतात. ती संगणक वाचील, पण साधें डीव्हीडी यंत्र वाचीलच असें नाहीं. पुष्कळांची फसगत होते ती येथेंच.

सुकेळ्याचा नियम

रूपांतर करतांना एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. राजेळी केळें सोलून उन्हांत वाळविलें कीं सुकेळें होतें. तें टिकाऊ व गोड असतें, परंतु त्याचें पुन्हा ओलें केळें होत नाहीं. व्हिडिओच्या रूपांतराचाही हाच न्याय आहे. चांगल्या मोबाइलवरील चित्रांत १९२० गुणिलें १०८०, म्हणजे सुमारें पावणेएकवीस लक्ष ठिपके असतात. डीव्हीडीच्या चित्रांत ते केवळ सव्वाचार लक्षांच्या आंत उरतात. पांचांतील चार ठिपके गेलेच म्हणावयाचे! शिवाय एम्पेग-२ रीतीनें दाबतांना बारीक तपशील आणखी थोडा जातो. घरच्या टेलिव्हिजनवर हें चित्र समाधानकारक दिसतें, ह्यांत शंका नाहीं; परंतु गेलेला तपशील तबकडीवरून पुन्हा काढतां येत नाहीं. म्हणून तबकडी झाली कीं मूळ फाईल पुसून टाकावी, हा विचार घातक आहे. तबकडी ही पाहण्याची प्रत. मूळ फाईल हें बियाणें. बियाणें कोणी दळून खात नाहीं.

ह्याच कारणास्तव तबकडीवरून पुन्हा फाईल, त्या फाईलवरून पुन्हा तबकडी, असे फेरे घालूं नयेत. दर फेऱ्यांत चित्र मळत जातें. दुसरी प्रत हवी असल्यास मूळ फाईलवरूनच करावी, किंवा तयार तबकडीची हुबेहूब नक्कल काढावी. नकलेंत रूपांतर नसल्यामुळें हानि होत नाहीं.

एका तबकडींत किती मावेल

साध्या एकपदरी तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आंकडा सुमारें ४.३७ जीबी असा दाखवितो, त्यानें गोंधळूं नये. एका बाइटमध्यें आठ बिट, म्हणजे एकूण ३,७६,००० लक्ष बिट झाले. ह्या आंकड्यास व्हिडिओच्या सेकंदांनीं भागलें कीं सेकंदास किती लक्ष बिट खर्च करतां येतील तें निघतें. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार ५२ लक्ष येतो. आवाज व मांडणी ह्यांकरितां कांहीं राखून चित्रास ४८ लक्ष द्यावे. दीड तास असेल तर चित्रास ६५ लक्षांपर्यंत देतां येतात. तीन तास कोंबले तर ३२ लक्षच वांट्यास येतात, व हलत्या पानांचें किंवा वाहत्या पाण्याचें चित्र चौकड्याचौकड्यांचें दिसूं लागतें. तासाभराच्या व्हिडिओस जागा पुष्कळ असली तरी ८० लक्षांवर जाऊं नये. जुनीं यंत्रें अतिवेगानें अडखळतात. आमच्या मतें एका तबकडीवर दोन तासांहून अधिक घालूं नये.

कृति

संगणकावर ह्या कामाकरितां कित्येक प्रोग्रॅम मिळतात. डीव्हीडीस्टायलर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम रूपांतर, मांडणी व अनुक्रमाचा पडदा हीं तिन्ही कामें करतो. एफएफएमपेग हा प्रोग्रॅम रूपांतरांत फार समर्थ असून तोही फुकट आहे. मात्र त्यास आज्ञा लिहून द्याव्या लागतात. हँडब्रेक हा लोकप्रिय प्रोग्रॅम तबकडीच्या मापाची फाईल करीत नाहीं, हें आधींच जाणून असावें. कोणताही प्रोग्रॅम त्याच्या मूळ स्थळावरूनच घ्यावा. इतर ठिकाणांहून घेतल्यास त्याबरोबर नको तें तण संगणकांत शिरतें.

प्रथम मूळ फाईलींची एक प्रत निराळ्या कप्प्यांत करून तीवरच काम करावें. प्रोग्रॅम उघडतांच तबकडीचा आकार ४.७ जीबी, पद्धत पाल, व पडद्याचें प्रमाण सोळास नऊ असें निवडावें. जुन्या चौकोनी चित्रणास मात्र चारास तीन हें प्रमाण ठेवावें. नाहींतर माणसें जाडजूड दिसतात. मोबाइल उभा धरून केलेलें चित्रण टेलिव्हिजनवर मधोमध अरुंद पट्टीसारखें दिसतें, म्हणून चित्रण करतेवेळींच मोबाइल आडवा धरावा. नंतर फाईली क्रमानें घालाव्या, प्रत्येक कामास ‘पानवेलीची लागवड’, ‘सुकेळीं वाळविणें’ असें स्वच्छ नांव द्यावें, व लांब व्हिडिओंत दर पांच-दहा मिनिटांस एक प्रकरण पाडावें, म्हणजे हवा तो भाग चटकन् सांपडतो.

रूपांतरास बराच वेळ लागतो. संगणक जुना असल्यास कित्येक तासही लागतात. तें पुरें होतांच तबकडी कोरण्याची घाई करूं नये. तयार कप्पा आधीं संगणकावरच चालवून पाहावा, व विशेषतः शेवटचीं दहा मिनिटें पाहावीं. मोबाइल सेकंदास कधीं जास्त तर कधीं कमी चित्रें टिपतो. त्यामुळें आवाज हळूहळू मागेंपुढें सरकतो व तो दोष शेवटींच स्पष्ट दिसतो. तसें आढळल्यास मूळ फाईल आधीं स्थिर गतीची करून घ्यावी.

तबकडी कोरणें

नव्या संगणकांत तबकडीचें खण बहुधा नसतें. यूएसबीनें जोडण्याचें बाहेरील यंत्र घ्यावें. कायमच्या प्रतीकरितां एकदांच लिहिली जाणारी डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर तबकडी वापरावी. फार जुनीं यंत्रें डीव्हीडी-आर अधिक सहज वाचतात. पुनःपुन्हा पुसतां येणारी आरडब्ल्यू तबकडी चांचणीपुरती ठीक.

कोरण्याचा वेग चौपट किंवा आठपट ठेवावा. चौपट वेगानें भरलेली तबकडी सुमारें पंधरा मिनिटांत होते. तेवढा वेळ संगणकावर दुसरें काम करूं नये. शेवटीं तबकडी बंद करावी, म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेंत ‘फायनलाइज’ करावी. तसें न केलेली तबकडी दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीं. लिहिलेलें पडताळण्याची खूण करून ठेवावी, व तबकडी निदान दोन निरनिराळ्या यंत्रांवर लावून पाहावी. एकीवर समाधान झालें म्हणजेच पुढच्या प्रती काढाव्या.

जपणूक

कोरलेली तबकडी म्हणजे दगडावरील रेघ नव्हे. हिच्या दोन पातळ थरांमध्यें एका रंगद्रव्याचा लेप असतो, व लेसरच्या उष्णतेनें त्यावर खुणा उमटतात. ऊन, उष्णता व दमट हवा ह्यांनीं हा लेप बिघडतो. आणि आपल्या किनाऱ्यावर ह्या तिन्ही गोष्टींची वाण नाहीं. म्हणून तबकडी डबींत उभी, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावी. तीवर कागद चिकटवूं नये, टोंकदार पेनानें लिहूं नये. मऊ टोंकाच्या, तबकडीकरितां मिळणाऱ्या पेनानें नांव व तारीख लिहावी. पुसावयाची झाल्यास मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवूं नये. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक तबकडी चालवून पाहावी. अडखळूं लागल्यास लागलीच नवी काढावी. मूळ फाईली दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवून त्यांपैकीं एक दुसऱ्याच्या घरीं ठेवावें. आपण सगळें बियाणें एकाच कणगींत ठेवीत नाहीं, तोच शहाणपणा येथेंही.

हक्काचा प्रश्न

व्हिडिओ उतरवितां येतो म्हणून तो आपला झाला असें नव्हे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वयें चित्रपटाचे व चित्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षेंपर्यंत राहतात. युट्यूबही जेथें स्वतः सोय दिली असेल किंवा हक्कदाराची परवानगी असेल तेथेंच व्हिडिओ उतरवूं देतें. म्हणून दुसऱ्याच्या कामाच्या तबकड्या करून वांटण्याआधीं लेखी परवानगी मागावी. दापोलीच्या कृषि विद्यापीठासारख्या संस्थांस असें पत्र लिहिण्यांत कमीपणा नाहीं. आपल्याच वडील मंडळींचें चित्रण असलें तरी तें इतरांस दाखविण्यापूर्वीं त्यांस विचारणें हें सौजन्यास धरून आहे.

डीव्हीडी यंत्रेंही हळूहळू मागें पडत आहेत, हें आम्ही जाणतों. पेन ड्राइव्ह थेट लागणारा टेलिव्हिजन ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं हा सारा खटाटोप न करतां मूळ फाईलच लावून पाहावी. परंतु ज्या घरांत जुनें यंत्र अजून चालू आहे व तें पाहणारीं वडील माणसें आहेत, तेथें ह्या श्रमाचें मोल मोठें आहे. स्वतःचें काम पडद्यावर पाहतांना तीं चार गोष्टी अधिक सांगतात: येथें मुनवा असा कां कापला, हें पाणी दुसऱ्या बाजूस कां वळविलें. त्या गोष्टी कोणत्याही फाईलींत आधीं नसतात. सभासदांनीं ह्या उन्हाळ्यांत निदान एका जाणत्या शेतकऱ्याचें चित्रण करून त्याची तबकडी त्याच्याच हातीं द्यावी, तो ती पाहत असतां जवळ बसावें, आणि तो जें अधिक सांगेल तें टिपून घ्यावें.