न काढलेल्या युद्धपटाची जाहिरात

इंग्लंडमधील विद्यार्थी वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी जी 'ए लेव्हल' परीक्षा देतात, तिच्या विषयांत 'माध्यमांचा अभ्यास' हाही एक विषय आहे. तेथील ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ साली या विषयाचा जो अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे २०१७ पासून जो मागे पडून नवा आला, त्यात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी काही पर्याय दिलेले असत. त्यांपैकी एक पर्याय असा होता : एखाद्या नव्या चित्रपटाचा छोटा ट्रेलर तयार करावा आणि त्याच्या जोडीला भित्तिपत्रक, चित्रपटविषयक मासिकाचे मुखपृष्ठ आणि चित्रपटाच्या संकेतस्थळाचे पहिले पान या तिहींपैकी दोन वस्तू सादर कराव्यात. मूळ चित्रपट मात्र काढावयाचा नाही. 'लवकरच येत आहे' असे ज्याच्याविषयी सांगावयाचे तो चित्रपट कधीच येणार नाही, हे विद्यार्थ्याला, त्याच्या शिक्षकाला आणि परीक्षकालाही ठाऊक असे.

या पर्यायाखाली काही विद्यार्थी युद्धपट निवडत. त्याचे नवल वाटावयास नको. ब्रिटनमधील मुलगा दोन महायुद्धांचा इतिहास शाळेत शिकतो, दरवर्षी नोव्हेंबरमध्ये छातीवर कागदी खसखशीचे फूल लावतो आणि गावच्या स्मारकशिलेवरील नावे येता-जाता पाहतो. शिवाय युद्धपट त्याने पडद्यावर पुष्कळ पाहिलेले असतात. प्रश्न साधनांचा असतो. वर्गातील चार-पाच मित्र, जुन्या लष्करी कपड्यांच्या दुकानातून आणलेले कोट, गावाबाहेरची झाडी आणि हिवाळ्यातला चिखल एवढ्यावर त्याला महायुद्ध उभे करावयाचे असते. बंदुका अर्थातच नकली. परंतु २००३ च्या एका कायद्याने तेथे सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणे हाही गुन्हा ठरला आहे, तेव्हा चित्रीकरणापूर्वी पोलिसांना कळवून ठेवणे शहाणपणाचे असते. मग तोफांचे आवाज ध्वनिसंग्रहातून घ्यावयाचे, चित्रांतील रंग संगणकावर उतरवावयाचे आणि काळा पडदा, जड श्वास, एक ठोका, पुन्हा काळा पडदा, मग क्रमाक्रमाने जलद होत जाणारी दृश्ये आणि शेवटी नाव अशा ठरीव क्रमाने मिनिट-दीड मिनिटाचा ट्रेलर सिद्ध करावयाचा. भित्तिपत्रकावर बहुधा पाठमोरा सैनिक, समोर धुरकट क्षितिज आणि तळाशी बारीक अक्षरांत काल्पनिक नटांची व निर्मात्यांची नावे.

या उद्योगाला हसण्याचे कारण नाही. त्यात मेहनत असते, सहकार्य असते, आणि हाताने केल्याविना कळत नाही अशी समजही असते. दोन दृश्ये शेजारी ठेवली की त्यांतून तिसराच अर्थ निघतो, ही गोष्ट पुस्तक वाचून जितकी कळते त्यापेक्षा अधिक ती स्वतः कातरजोड करताना कळते. आपल्याकडे एके काळी चित्रपटगृहांसाठी भव्य फलक रंगवणारे चित्रकार होते. हाती आलेल्या छायाचित्रांवरून ते नायकाच्या डोळ्यांत अंगार आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी भरत असत. चित्रपटाने काय सांगितले आहे यापेक्षा प्रेक्षकाला काय पाहावेसे वाटेल, हे त्यांना नेमके ठाऊक असे. या विद्यार्थ्याकडूनही तेच कौशल्य अपेक्षित असते.

तथापि खरा प्रश्न गुणांच्या तक्त्यापाशी सुरू होतो. या प्रात्यक्षिकाला एकूण १०० गुण असत : पूर्वतयारी व संशोधनाला २०, मुख्य कृतीला म्हणजे ट्रेलरला ४०, जोडीच्या दोन वस्तूंना प्रत्येकी १० आणि शेवटच्या आत्मपरीक्षणाला २०. आत्मपरीक्षणात चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. तुमच्या कृतीने प्रचलित माध्यमकृतींचे संकेत कसे वापरले, विकसित केले वा मोडले? मुख्य कृती आणि जोडवस्तू यांचा मेळ कितपत परिणामकारक झाला? प्रेक्षकांच्या अभिप्रायातून तुम्ही काय शिकलात? आणि निरनिराळ्या टप्प्यांवर तुम्ही तंत्रसाधनांचा उपयोग कसा केला? प्रश्न चांगले आहेत. पण पाचवा एक प्रश्न त्यांत नाही : ज्या घटनेचे हे चित्र आहे, त्या घटनेशी त्याचे नाते काय? संकेत पाळला की मोडला याची चौकशी होते; चित्र खरे की खोटे याची होत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा माध्यमांचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे. आणि ट्रेलर ही तर उघडउघड जाहिरात आहे, तिच्याकडून सत्याची अपेक्षा कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. भयपटातील भूत खऱ्या भुतासारखे आहे काय, असे कोणी विचारीत नाही. परंतु युद्धपटाची गोष्ट निराळी आहे. त्यातले मृत कधी काळी खरोखरच जिवंत होते, त्यांची नावे आणि गावे होती. आणि युद्धाविषयी आपणा बहुतेकांना जे वाटते, ते चित्रे पाहूनच वाटत असते. ज्या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव पडताळण्यासाठी हाताशी नाही, त्या विषयात चित्राची जबाबदारी वाढते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनच्याच इतिहासात आहे. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने चढाई सुरू केली. त्या एका दिवसात त्याची ५७,४७० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली; त्यांपैकी १९,२४० मृत होती. लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली. पण तिच्यावरील 'द बॅटल ऑफ द सोम' हा सरकारी मूकपट ऑगस्टमध्येच लंडनच्या चित्रपटगृहांत झळकला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपली असावीत असा अंदाज केला जातो. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी आघाडीवर जाऊन तो टिपला होता. त्यातील बहुतांश भाग अस्सल आहे. हॉथॉर्न टेकडीखालच्या सुरुंगाचा स्फोट मॅलिन्सने त्या सकाळी प्रत्यक्ष चित्रित केला. २००५ साली युनेस्कोने या चित्रपटाची जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतली, ती उगीच नव्हे.

परंतु सैनिक खंदकातून वर चढत आहेत आणि त्यांतला एक जण गोळी लागून मागे घसरतो, हे त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे एका प्रशिक्षण केंद्राच्या आवारात मुद्दाम घडवून घेतले होते, असे पुढील संशोधनातून निष्पन्न झाले. असे का करावे लागले? कारण खरी चढाई दुरून टिपलेली होती. तीत उतारावरून सरकणारे मुंगीएवढे ठिपके दिसतात. चेहरा नाही, पडणे नाही, नाट्य नाही. पडद्याला जे हवे होते ते रणांगण देत नव्हते, म्हणून ते बनवावे लागले. पुढे अनेक दशके माहितीपटांतून पहिल्या महायुद्धाची खूण म्हणून वारंवार वापरले गेले ते हेच नकली दृश्य. अस्सल ठिपके मागे राहिले. पाऊण तासाहून मोठ्या चित्रपटाचा ट्रेलर काळाने स्वतःच तयार केला, आणि त्यासाठी निवडले ते नेमके खोटे क्षण, कारण ते संकेतात चपखल बसत होते.

आजचा विद्यार्थी ज्याला 'खरे युद्ध' समजतो त्याचा मूळ स्रोतही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या चित्रपटात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईचे जे प्रदीर्घ दृश्य आहे, त्यासाठी छायाचित्रणकार यानुश कामिन्स्की यांनी कॅमेऱ्याच्या झडपेचा कोन कमी केला, भिंगांवरील आधुनिक लेप काढून घेतले आणि रंग फिके केले. त्यामुळे मातीचा कणन्‌कण सुटा दिसतो आणि हालचाली झटके दिल्यासारख्या होतात. चित्रीकरण झाले ते आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्याच्या किनाऱ्यावर, आयरिश राखीव दलातील तरुणांना सैनिक करून. दिग्दर्शकाने हे सारे विचारपूर्वक केले होते. पण त्यानंतर फिका रंग आणि थरथरता कॅमेरा म्हणजेच खरेपणा, असा पायंडा पडला. शाळकरी विद्यार्थी संगणकावर रंग उतरवतो तेव्हा तो ६ जून १९४४ ची नव्हे, १९९८ ची नक्कल करीत असतो. नक्कल करण्यात दोष नाही. सगळेच तसे शिकतात. आपण कशाची नक्कल करतो आहोत याचे भान नसणे, हा दोष आहे.

भित्तिपत्रकाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तेथे चौकटीत फार थोडे मावते आणि म्हणून गाळावे फार लागते. डंकर्कहून मे-जून १९४० मध्ये झालेली माघार ही ब्रिटिश स्मृतीतील एक मानाची घटना. त्या वेळी फ्रान्समध्ये हिंदी सैन्याच्या खेचरांच्या चार तुकड्या होत्या, प्रामुख्याने पंजाबी मुसलमानांच्या. त्यांपैकी काही डंकर्कच्या किनाऱ्यावर होत्या, तर एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. २०१७ साली 'डंकर्क' चित्रपट आला तेव्हा ही माणसे त्यात दिसत नाहीत अशी टीका झाली. इंग्लंडच्या आजच्या वर्गांत पंजाबातून गेलेल्या कुटुंबांची मुलेही बसतात. आपल्या ट्रेलरात सैनिक म्हणून कोणाला उभे करावयाचे, हे ठरवताना संकेत एक सांगतो आणि इतिहास दुसरे.

आपण तरी या बाबतीत सोवळे आहोत असे समजण्याचे कारण नाही. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर झालेल्या लढाईवर १९९७ साली 'बॉर्डर' हा चित्रपट निघाला. त्यात सीमा सुरक्षा दलाचा जवान भैरोंसिंग याला वीरमरण आलेले दाखवले आहे. प्रत्यक्षात भैरोंसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे पडद्यावर मेल्यानंतर ते पंचवीस वर्षे आपल्या गावी जगत होते. ज्या मरणावर चित्रपटगृहांत हजारोंनी डोळे पुसले, ते मरण झालेच नव्हते. आणि जो माणूस खरोखर लढला, तो निवृत्तिवेतनावर साधे आयुष्य कंठत असल्याची वार्ता त्या हजारोंपैकी फारच थोड्यांना होती. चित्रपटकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, हे मान्य. पण प्रेक्षकाने त्या स्वातंत्र्यालाच इतिहास समजावे, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाला स्वस्थ बसू देणारी नाही.

हा विषय परक्या देशातील एका बंद झालेल्या अभ्यासक्रमापुरता राहिलेला नाही, हे येथे लक्षात घ्यावे. ट्रेलर तयार करण्याची साधने आज प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि आता तर चार मित्र व चिखलही लागत नाही. संगणकाला आज्ञा दिली की तो युद्ध काढून देतो. २०२२ साली युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर 'आर्मा ३' या संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून जगभर पसरली, आणि अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीला ती दृश्ये कशी ओळखावीत हे जाहीर करावे लागले. ती दृश्ये पसरवणाऱ्या सगळ्यांनाच फसवावयाचे होते असे नाही. पुष्कळांना ती खरी वाटली, कारण युद्ध असेच दिसते असे त्यांनी पडद्यावर पाहून आधीच ठरवलेले होते.

म्हणून अशा प्रात्यक्षिकाला विरोध करावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही. उलट आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांनीही ते हाती घ्यावे. मात्र ते घेताना शिक्षकाने पाचव्या प्रश्नाची जोड द्यावी आणि त्याला गुणही ठेवावेत. कारण ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी करीत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ट्रेलरातील प्रत्येक दृश्यापुढे विद्यार्थ्याने एक ओळ लिहावी : हे मी कोठून घेतले, दस्तऐवजातून, छायाचित्रातून, कोणाच्या तोंडून ऐकून, की दुसऱ्या चित्रपटातून? भित्तिपत्रकाच्या मागील बाजूस चौकटीबाहेर कोण राहिले त्याची नोंद असावी. याला खर्च काही नाही; एक वही पुरेल.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. तशी स्मृती जपणारी गावे आपल्याकडे आणखीही आहेत, आणि घरोघरी जुन्या पेट्यांतून पदके व पत्रे पडून आहेत. युद्धपटाचा ट्रेलर करू पाहणाऱ्या आपल्या मुलाने झाडीकडे जाण्यापूर्वी एक दुपार अशा गावात काढावी. भित्तिपत्रकाच्या तळाशी जी बारीक नावे लिहावयाची, ती काल्पनिक असली तरी हरकत नाही. पण ती लिहिताना त्याला दुसरी एक नामावली आठवली पाहिजे.