क्रोम-मोली पोलाद : योग्य रॉडची निवड

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील गाळ्यांमधून फॅब्रिकेशनची कामे चालतात. साध्या पोलादाच्या वेल्डिंगमध्ये आपले कारागीर तरबेज आहेत. परंतु बॉयलर, रिफायनरी किंवा वीजकेंद्राचे पाइप आले की गाठ क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाशी पडते. येथे रॉड चुकला तर केवळ पैशाचा तोटा होत नाही, कामगारांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही देत आहोत.

५०० अंश सेल्सिअसच्या वर साधे पोलाद दाबाखाली हळूहळू ताणले जाते व शेवटी फाटते. मॉलिब्डेनम ही ताण सोसण्याची ताकद वाढवते, तर क्रोमियम धातूचे पापुद्रे निघू देत नाही. साहजिकच जोडातही हेच घटक हवेत. पी-११ जातीच्या पाइपात सव्वा टक्का क्रोमियम व अर्धा टक्का मॉलिब्डेनम असते. त्यास ई ८०१८-बी २ हा रॉड लागतो. पी-२२ मध्ये हे प्रमाण सव्वादोन टक्के व एक टक्का असते. त्यास ई ९०१८-बी ३ लागतो. यातील ८० म्हणजे दर चौरस इंचाला किमान ८० हजार पौंडांची ताकद. बी २ ही मिश्रणाची खूण आहे. पुढे ‘एल’ असल्यास कार्बन कमी असतो. असा रॉड उष्णतेत तुलनेने कमी टिकतो, म्हणून न विचारता वापरू नये.

नेहमीचा ७०१८ दिसायला सारखाच व स्वस्तही असतो. त्याचा जोड एक्स-रेमध्ये पासही होईल. कारण एक्स-रेत छिद्रे व तडे दिसतात, मिश्रण दिसत नाही. दोष उघड होतो तो पाइप तापल्यावर, काही काळाने.

रॉड बरोबर असला तरी ओलसर नसावा. ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम संपल्यावर एक-दोन दिवसांनीही तडा जाऊ शकतो. आपल्या किनारी हवेत ही काळजी अधिकच घ्यावी. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे रॉड ओव्हनमध्ये भाजावेत. पाइप आधी तापवावा, पी-११ साठी साधारण १५० व पी-२२ साठी २०० अंशांपर्यंत. नंतरचे स्ट्रेस रिलीव्हिंग सुमारे ७०० अंशांवर होते. नेमके आकडे कामाच्या मंजूर वेल्डिंग पद्धतीतूनच घ्यावेत.

व्यावसायिक बंधूंना आमची सूचना एवढीच की, दर देण्यापूर्वी पाइपाची जात लेखी मागावी, रॉडचे टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवावे आणि ओव्हन, तापवणी व स्ट्रेस रिलीव्हिंगचा खर्च दरात धरावा. तो सोडून दिलेला स्वस्त दर शेवटी आपल्याच अंगाशी येतो.