पांढऱ्या बर्फाची काळी बाजू

पहाटे क्युपर्टिनोतून निघायचं, लेक टाहोला दिवसभर बर्फात खेळायचं आणि रात्री घरी, हा इथल्या अनेक मराठी घरांचा हिवाळ्यातला ठरलेला बेत. गेल्या वर्षी माझी भाची तिथून परतली ती हनुवटीच्या खालच्या बाजूला भाजून, लालबुंद होऊन. नाकाला, कपाळाला क्रीम होतं. हनुवटीखाली कोण लावतं? “मावशी, ऊन कुठलं, किती गारठा होता!” ती म्हणाली.

ऊन खालून आलं होतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परतवतो. गारठा म्हणजे ऊन कमी, हा समजच चुकीचा. डिसेंबरच्या अखेरीस दक्षिण ध्रुवावर सूर्य मावळत नाही आणि वातावरणाच्या माथ्यावर २४ तासांत तिथे पोचणारी ऊर्जा विषुववृत्तापेक्षाही जास्त असते. बर्फ ती ठेवून घेत नाही, एवढंच.

दुसरा गैरसमज शिकल्यासवरल्या माणसांचाही असतो: बर्फ पांढरा, म्हणजे तो उष्णताही परतवणार. खरं तर औष्णिक अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या न दिसणाऱ्या किरणांच्या बाबतीत बर्फ काजळासारखा काळा आहे. हे किरण तो जवळजवळ सगळे शोषतो, आणि स्वतःही पुरेपूर बाहेर टाकतो. शून्य अंशाचा बर्फ दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट सोडतो. उणे ५० अंशांचासुद्धा सुमारे १४०.

म्हणून बर्फ किती ऊर्जा घेतो आणि किती सोडतो हे मोजायला एका उपकरणाने भागत नाही. येणारं ऊन, परतणारं ऊन, आकाशातून येणारी उष्णता आणि बर्फातून निघणारी उष्णता, असे चार आकडे लागतात. उन्हासाठी पायरॅनोमीटर: काचेच्या घुमटाखाली काळी चकती. पण काच औष्णिक किरण अडवते, म्हणून उष्णतेसाठी पायरजिऑमीटर लागतो. त्याची खिडकी बहुधा सिलिकॉनची असते, म्हणजे आमच्या या खोऱ्याला ज्याचं नाव पडलं त्याच पदार्थाची. सिलिकॉनच्या चकतीतून डोळ्यांना पलीकडचं काही दिसत नाही, अवरक्त किरण मात्र आरपार जातात.

ढग आले की गारवा, हा आपला उन्हाळ्यातला अनुभव ध्रुवीय बर्फावर बऱ्याचदा उलटा पडतो. बर्फ ऊन परतवणारच होता, त्यामुळे ढगाने अडवल्याचा तोटा थोडा. ढग खाली धाडतो ती उष्णता मात्र बर्फ जवळजवळ सगळी घेतो.

आणि यंत्र लावलं की काम संपलं, असं तर मुळीच नाही. घुमटावर हिमकण साचतात, ते माणसाला जाऊन पुसावे लागतात. रात्री पायरॅनोमीटर शून्याखाली दोन-तीन वॅट दाखवतो, तो बिघाड नव्हे. घुमट निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकून चकतीपेक्षा गार होतो आणि चकतीची उष्णता ओढून घेतो. ही चूक दिवसाही चालूच असते, फक्त उन्हात लपते. रात्रीचे उणे आकडे पुसून शून्य लिहिणारा दिवसाच्या दुरुस्तीचा पुरावाच फेकून देतो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंड या गावात १९९२ पासून ऊन आणि उष्णतेची अशी काटेकोर मोजणी चालू आहे. गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था चालवते ते भारताचं ‘हिमाद्री’ केंद्रही २००८ पासून त्याच गावात आहे.

एवढी काटेकोरी कशाला? परावर्तन ९० टक्क्यांवरून ८० वर आलं तर फरक दहाचा वाटतो, पण शोषलेलं ऊन दुप्पट होतं. ध्रुवावर जे खरं, तेच सिएरा नेवाडात. तिथल्या मॅमथ माउंटनवरही अशी उपकरणं बर्फावर रोखलेली आहेत. त्या डोंगररांगेतला बर्फ धुळीने मळला की लवकर वितळतो, आणि क्युपर्टिनोच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्या बर्फाचाही वाटा आहे.